वरपक्षाकडील दोन मासे

पवनीच्या नळयोजनेच्या फिल्टर प्लांटवर मी तेहतीस वर्षं काढली. वैनगंगेचं पाणी वर घ्याचं, तुरटी द्याची, गाळ बसू द्याचा, रेतीतून सोडाचं अन् गावाले पाजाचं, एवढंच काम. पण त्या कामानं माणसाचं नाक अन् जीभ कायमची बिघडते. कोणाच्या बी घरी चहा पेलो तं मले पहिले पाणी लागते, मंग साखर. माझी बायको विमलाबाई म्हणते, या माणसाले कुठं नेण्यासारखं नाही. खरं आहे तिचं. पण पोरीसाठी घर पाहाले जाचं तं बापाले मागं ठेवता येत नाही, म्हणून नेलं.

पोरगी हर्षा. एकुलती एक, भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात लॅबमधे रक्त-लघवी तपासते. पोरगा सुगत, वरठीच्या कारखान्यात नोकरीले. या दोघांची ओळख कशी झाली ते ऐकाल तं कपाळावर हात माराल. हा पोट्टा एक दिवस तिच्या खिडकीपाशी बाटलीत पाणी घेऊन उभा राहिला अन् म्हणे, मॅडम, यातला अमोनिया तपासून द्या. तिनं विचारलं, पेशंट कोण? तं म्हणे, मासा. दुसरी एखादी असती तं तिनं हाकलून देल्लं असतं. आमची पोरगी त्याले समोर बसवून, कोणता किट घ्याचा, किती थेंब टाकाचे, रंग कसा पाहाचा, सारं समजावत बसली. चार महिन्यानं घरी सांगतलं की करीन तं याच्याशीच करीन. अन् वरून हे बी सांगतलं की बाबा, तुमच्या 'हो'शिवाय नाही करणार. म्हणजे सारं माझ्या गळ्यात.

तं एका रविवारी आमी आठ जण वरठीले घर पाहाले गेलो. आमच्याकडं कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत, मरणघरी सोडून. म्हणून चिवडा, पेढे, केळीची फणी, विमलाबाईनं केलेल्या करंज्या, असं सारं संगं. माझी मोठी बहीण गोदावरीबाई बी होती. वय चौऱ्याहत्तर, अन् आमच्या खानदानातलं एक बी लग्न तिच्याशिवाय ठरलं नाही.

दारात पाय ठेवला अन् मले वास लागला. जय भीम, जय भीम झालं, बसा बसा झालं, सुगतचे वडील श्यामराव, पोस्टातून रिटायर झालेला मोठा सालस माणूस, त्यानं पंखा वाढवला. पण माझं ध्यान वासाकडं. पाहतो तं भिंतीवर बुद्धाची तसबीर अन् तिच्या खाली पाच फूट लांब काचेची टाकी. टाकीत दोन मासे. एक पट्ट्यापट्ट्याचा, साऱ्या अंगाचे पंख पसरून, फाटकी छत्री उघडून ठेवल्यासारखा. त्याचं नाव लायनफिश, अन् त्याच्या काट्याले म्हणे जहर असते. दुसरा भुरा, ठिपक्याचा, हाताएवढा लांब. त्याचं नाव ग्रुपर. तो तोंड वासून आमच्याकडं पाहत होता.

गोदावरीबाईनं विचारलं, हे खाचे आहेत काय? सुगत म्हणे, नाही आत्याबाई, हेच खातात.

मी उठलो. कोणी काही म्हणाच्या आधी टाकीत बोट बुडवलं अन् जिभेले लावलं. तेहतीस वर्षाची सवय, हात आपोआप जाते. अरे बाप! खारट म्हणजे एवढं खारट की डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, यात मीठ कोणी टाकलं? तवा समजलं की हे समुद्राचे मासे आहेत, अन् त्यांच्यासाठी पाकिटातलं मीठ मोजून कालवून घरीच समुद्र करा लागते. आमच्या सात पिढ्यात समुद्र कोणी पायला नाही. सुगत ट्रेनिंगले विशाखापट्टणमले गेला होता, तिथं अशी टाकी पायली अन् तवापासून येडा झाला.

पण मीठ सोडलं तरी पाणी बिघडलेलं होतं. त्याचा रंग बिघडला होता, वास बिघडला होता, अन् बोटाले बुळबुळ लागली होती. मी खरं बोलून टाकलं.

"श्यामराव, तुमच्या घरचं पाणी मेलेलं आहे."

साऱ्यांचे हात चिवड्याच्या बशीत थांबले. विमलाबाईनं डोळे मिटून घेतले. सुगतची आई रडवेली झाली. फक्त सुगत मान हलवून म्हणे, काकाजी बरोबर बोलून राहिले. टाकीले एक बंद डब्याचा फिल्टर होता, आत स्पंज. साध्या माशाले तो चालते. पण हे दोघं मांस खाणारे, अर्धं खातात, अर्धं सांडतात, अन् जे खातात त्याची बी घाण दुप्पट. तो म्हणे, मोठा फिल्टर घ्याचा आहे, पण कोणता घ्याचा ते अजून ठरून नाही राहिलं.

परतीच्या गाडीत विमलाबाईनं माझ्याकडं पाठ केली. मी मात्र खुश होतो, अन् ते तोंडावर दिसून राहिलं होतं. मी जाहीर केलं की ज्या घरचं पाणी साफ नाही त्या घरी माझी पोरगी जाणार नाही. याच्या आधी दोन पोरं मी अशीच नापास केली होती. एकाची विहीर संडासापासून बारा फुटावर होती. दुसऱ्याच्या घरी आरओचं पाणी होतं अन् त्याले काही चवच नव्हती. विमलाबाई म्हणे, तुमाले खराब पाणी बी चालत नाही अन् साफ पाणी बी चालत नाही. मी खिडकीबाहेर धानाच्या बांध्या पाहत बसलो. हर्षानं मोबाईल काढून सुगतले काही लिहिलं.

पण गोदावरीबाई म्हणे, पोरगं चांगलं आहे, पाणी तं साफ करता येते; अन् पुढच्या रविवारी आमच्या घरी बैठक बसली. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी दोन्हीकडचे बसतात अन् यादी करतात. लग्न कुठं, जेवण कोणाकडं, वरात किती वाजता, सारं कागदावर. खाली दोन्ही बाप सही करतात, अन् सही झाली की मंग कोणी मागं फिरत नाही. लिहाले अश्वजित गुरुजी होते, रिटायर हेडमास्तर, ज्यांनी आतापावेतो दोन-अडीचशे याद्या लिहिल्या असतीन. ते कलमं टाकतात. कलम एक सदा एकच असते: हुंडा देणार नाही, घेणार नाही. ते त्यांनी न विचारता लिहून टाकलं.

चार कलमं पंधरा मिनिटात झाली. पाचव्याले मी फिल्टर काढला. त्याच्यावर अडीच तास गेले.

श्यामराव म्हणाले, हवेचा पंप वाढवू. मी म्हणलं, हवा म्हणजे फिल्टर नव्हे. सुगतनं वहीत नकाशा काढून आणला होता: टाकीखाली दुसरी टाकी, तिच्यात वरचं पाणी कापडी मोज्यातून गाळून येते, मंग स्किमर नावाच्या नळीत जाते, मंग पंपानं परत वर. मले हे पटलं नाही. पाणी साफ कराचं तं रेती, रेतीखाली बारीक गिट्टी, गिट्टीखाली मोठी गिट्टी. साऱ्या पवनीनं तेच पेलं अन् कोणी मेलं नाही. मी म्हणलं, निळा ड्रम घेतो, नदीची रेती धुऊन भरतो, माझ्याकडून पोरीले भेट. त्यावर सुगत उठला अन् मोठ्या नम्रतेनं म्हणे, काकाजी, कलम एकमधे हुंडा नाही लिहिलं आहे. तुमचा ड्रम घेतला तं कलम मोडते.

साऱ्या आयुष्यात मी हुंड्याच्या विरोधात बोललो, अन् हा कालचा पोट्टा मले हुंडा देणारा ठरवते. गुरुजींनी चष्मा काढून पुसला अन् विचारात पडले. ड्रम हा संसाराचं सामान आहे काय? नाही. पोराच्या वापराचा आहे काय? नाही, माशाच्या वापराचा आहे. मंग मासा वरपक्षात येते काय? यावर लय खल झाला. गोदावरीबाई म्हणे, त्याच घरात राहते, त्याच घरचं खाते, तं मंग वरपक्षातच आला. गुरुजी म्हणाले, तसं असन तं माशाले देलेलं बी वरपक्षाले देलेलंच झालं. शेवटी असं ठरलं की ड्रम चाचणीपुरता द्याचा, मालकी आमचीच. अन् गुरुजींनी सुबक अक्षरात लिहिलं: 'कलम पाच. वरपक्षाकडील दोन मासे यांच्याकरिता योग्य फिल्टर उभयपक्षी संमतीने निवडण्यात येईल. पाणी शुद्ध झाल्याची मुलीच्या वडिलांची खात्री होईपर्यंत साक्षगंध होणार नाही.' दर रविवारी दोन्ही पक्षांची चार-चार माणसं पाहणीले जाणार, हे कलम सहा; बाकीचं किरकोळ कलम सातात.

तं पाहणी सुरू झाली.

पहिले दोन रविवार दुकानातला मोठा डब्बा फिल्टर. दोन रविवार माझा ड्रम. तो वरठीच्या घरी तिसऱ्या माळ्यावर चढवताना आमचा दम निघाला, पण मी रेती अशी धुतली होती की कोणी भात म्हणून खाल्ली असती. मंग सुगतचा स्किमर.

अन् दर रविवारी माणसं वाढत गेली. चार-चारची गोष्ट कागदावरच राहिली. मोहाडीचा साळा आला, आंबागडचा जावई आला, श्यामरावांच्या पोस्टातले दोघं रिटायर लोक आले. आमच्या सोयऱ्यात ही बातमी फिरली होती की वरठीले मांस खाणारा मासा पाहुण्याकडं तोंड वासून बसते. अन् येताना रिकाम्या हातानं कोण येईन? पण माशाले पेढे चालत नाहीत. म्हणून कोणी झिंगे आणले, कोणी मरळीचे तुकडे, कोणी कोंबडीची कलेजी पानात बांधून.

ग्रुपरचं तोंड उघडंच असते. तो तसाच असते, श्वास घेते. सुगतनं हे साऱ्यांले सांगतलं. पण गोदावरीबाईले ते पाहवेना. तिच्या घरून आजपावेतो भिकारी उपाशी गेला नाही. ती म्हणे, ते लेकरू तोंड वासून बसलं आहे अन् तुमी त्याच्या समोर चिवडा खाऊन राहिले, काही लाज आहे काय? असं म्हणून झिंग्याची पिशवी उपडी केली. अन् सुगत? तो हप्त्यातून दोनदा मोजून दोन तुकडे देणारा माणूस. पण पोरीकडच्या आत्याबाईले तो नाही कसं म्हणन? त्याचं तं लग्न अडलं होतं. तो हात जोडून हो आत्याबाई, हो मामाजी करत राहिला अन् त्याचं तोंड उतरत गेलं.

डब्बा फिल्टर दुसऱ्या रविवारी तुंबला. माझा ड्रम बी तुंबला. ही गोष्ट मी आजवर आपल्या तोंडानं कोणाले सांगतली नाही, पण तो दहाच दिवसात तुंबला, अन् वरून त्याच्यातून असा वास आला की शेजारचे लोक विचाराले आले. पवनीची साऱ्या गावची नदी त्या रेतीतून गेली, अन् दोन माशापुढं रेतीनं हात टेकले. मले फार वाईट वाटलं. मी ड्रमपाशी उभा राहून उगाचच गिट्टीले दोष देला.

मंग स्किमर लागला. उभी नळी, तिच्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडतात. पाण्यातली चिकट घाण बुडबुड्याले धरते, फेस होऊन वर चढते अन् वाटीत जमा होते. मी पहिले हसलो. आमच्या प्लांटवर फेस दिसला की आमी साहेबाले फोन करत होतो. पण सुगतनं दोन दिवसाची वाटी माझ्या नाकाखाली धरली. काळ्या चहासारखं पाणी, अन् त्याचा वास असा की मी दोन पावलं मागं सरलो. तेहतीस वर्षात एवढी घाण एवढ्या गुपचूप निघताना मी पायली नव्हती. मनातल्या मनात मी त्या नळीले सलाम केला. तोंडानं म्हणलं, पाहू पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी सतरा माणसं होती. दोन किलो झिंगे, एक किलो कलेजी. लायनफिश एवढा फुगला की पंख मिटून तळाशी बसला. ग्रुपरनं चौदा झिंगे गिळले अन् पंधरावा तोंडात धरून राहिला. अर्ध्या तासात स्किमर पिसाळला. वाटी भरली, झाकण उचललं गेलं, फेस टेबलावरून उतरला, सोफ्याखालून निघाला अन् दारातल्या चपलांत शिरला. गोदावरीबाई पाय वर घेऊन सोफ्यावर बसली अन् मले म्हणे, आनंदराव, हा फिल्टर खराब आहे. मी लगेच गुरुजींले लिहाले सांगतलं: तिसरा बी नापास.

सुगतनं पुसणं आणलं अन् खाली बसून फरशी पुसाले लागला. सतरा माणसाच्या पायाखालून. मी पाय उचलून त्याले जागा देल्ली अन् नजर दुसरीकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी हर्षानं सुट्टी घेतली. दुपारी मी मागच्या ओट्यावर बसलो होतो. ती येऊन शेजारी बसली अन् मोबाईल माझ्या हातात देल्ला. त्यात फोटो होते, काचेच्या बारक्या नळ्यांचे. सुगत रोज पाणी तपासून तिले रंगाचा फोटो धाडत होता. पिवळा म्हणजे पाणी चांगलं, हिरवा म्हणजे खराब. मी एकेक फोटो सरकवत गेलो. शनिवार पिवळा. सोमवार हिरवा. बुधवार फिका हिरवा. शनिवार पिवळा. सोमवार हिरवागार. डब्बा असो, ड्रम असो, स्किमर असो, साऱ्यांचं एकच.

मले तिनं काही समजवाची गरज नव्हती. श्रावणात नदी गढूळ होते तवा फिल्टरले कोणी शिव्या देत नाही. तवा वरून येणारं पाणी कमी करा लागते. हे मी नवीन पोरांले तेहतीस वर्षं शिकवलं. अन् इथं मी स्वतः दर रविवारी गाडी भरून पूर घेऊन जात होतो.

"बाबा, फिल्टर तिन्ही चालले असते," हर्षा म्हणाली. "स्किमर तं लय चांगला चालला असता. आपण बंद झालो पाहिजे."

मी म्हणलं, ठीक आहे, रविवारची पाहणी बंद करू. ती म्हणे, कशी बंद होईन? यादीत लिहिलं आहे, तुमची खात्री होईपर्यंत. तुमी 'हो' म्हणा, पाहणी आपोआप बंद होते. तुमी 'हो' म्हणत नाही तवापर्यंत लोक जातीन, खाऊ घालतीन, अन् पाणी सोमवारी हिरवं होईन. मंग एका सोमवारी ते मासे मरतीन अन् तुमी म्हणान, पाहा, मी म्हणलं होतं.

पोरगी लॅबमधे काम करते, तिच्यापासून काय लपते. ती म्हणे, बाबा, खरं सांगा, तुमाले काय पाहिजे?

तं मंग मी सांगून टाकलं. म्हणलं, मले काहीच नाही पाहिजे. प्लांट सुटला तवापासून मले पाण्याचं कोणी विचारत नाही. नवीन लोक बटन दाबतात. एक तूच रोज सकाळी माठातला पहिला गिलास मले देऊन विचारते, बाबा, आज कसं आहे? तू गेली तं कोण विचारीन? म्हणून मी विहिरी पाहतो, आरओ पाहतो, मासे पाहतो. पोराचं काही चुकलं नाही. त्या दिवशी त्यानं फरशी पुसली ना, तवाच मले समजलं होतं.

ती रडली नाही. माझ्याकडून मोबाईल घेतला, ओढणीनं काच पुसली अन् उठून आत गेली. मले वाटलं, रागावली.

शेवटची बैठक वरठीले बसली. या वेळी फक्त आमी चार अन् ते चार, अन् मी साऱ्यांच्या पिशव्या घरूनच तपासून आणल्या होत्या. गोदावरीबाईच्या कमरेले एक पुडी निघाली, ती काढून ठेवली. गुरुजींनी कागद पसरला. मी उभा राहिलो अन् म्हणलं, माझी खात्री झाली. टाकीखाली टाकी, कापडी मोजा अन् स्किमर, हाच फिल्टर. माझ्या ड्रमची रेती कुंडीत टाका. अन् एक कलम जोडा, की साक्षगंधानंतर मुलीकडचं कोणी बी माशाले पाहाले येणार नाही. अन् यात पहिलं नाव माझं लिहा.

श्यामराव म्हणाले, असं कसं, पोरीचा बाप म्हणजे इवाई, तोच घरी येणार नाही म्हणजे काय? मी म्हणलं, आला की हातात काही घेऊनच येईन, अन् कोणाचं मन मोडणं या पोराले जमत नाही. म्हणून न आलेलंच बरं. गुरुजींनी 'कलम आठ' लिहाले घेतलं.

तेवढ्यात हर्षा आतून आली. बैठकीत पोरीनं बोलाचं नसते. ती बोलली बी नाही. तिनं गुरुजींच्या हातातून पेन घेतला, कलम आठवर काट मारली अन् खाली स्वतः लिहिलं. हेडमास्तर माणूस, अडीचशे याद्यात त्यांच्या हातचा पेन कोणी घेतला नव्हता, पण ते गुमान बाजूले सरकले. तिचं लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा नीट केला अन् शाळेत वाचावं तसं मोठ्यानं वाचलं:

'कलम आठ. फिल्टरचा मोजा दर रविवारी धुवावा लागतो. तो धुण्याकरिता मुलीचे वडील दर रविवारी मुलीच्या घरी येतील. येताना हातात काहीही आणणार नाहीत.'

मंग गुरुजी आपल्या सवयीनं म्हणाले, पण ही मुलीच्या बापाकडून दर रविवारची चाकरी झाली. हे कलम एकच्या विरोधात जाते काय? हुंड्यात मोडते काय? अन् त्यांनी सुगतकडं पायलं, कारण ड्रमच्या वेळी त्यानंच हरकत घेतली होती.

सुगतनं माझ्याकडं पायलं नाही. तो टाकीकडं पाहून बोलला.

"मोडते, गुरुजी. पण हे मी घेतो."

मी सही केली. पेन नीट चालत नव्हता, का कागदच लहान होता, देव जाणे, आमी तं देव बी मानत नाही. 'आनंदराव'मधला शेवटचा 'व' कागदाच्या बाहेर गेला. गोदावरीबाईनं पदर डोळ्याले लावला अन् म्हणे, ते लेकरू अजून बी तोंड वासूनच आहे. पण तिनं त्याले काही देलं नाही.

लग्न पवनीतच झालं, दोन तासात उरकलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी आंघोळ करून निघालो तं विमलाबाईनं पिशवीत डबा भरून ठेवला होता. म्हणे, यादीवर माझी सही कुठं आहे? मी तो डबा परत ओट्यावर ठेवला. पवनीहून भंडारा, भंडाऱ्याहून वरठी, सारा रस्ता दोन्ही हात मोकळे. मरणघर सोडलं तं आयुष्यात पहिल्यांदा असा कोणाच्या घरी चाललो होतो, अन् ते बी लेकीच्या. बसमधे हात कुठं ठेवावं ते समजत नव्हतं. वरठीले तीन माळे चढताना खिशात घातले, परत काढले. बेल वाजवाले एक हात लागला, दुसरा तसाच लोंबत राहिला.

हर्षानं दार उघडलं. काही विचारलं नाही, बसा म्हणलं नाही. ओला, घाणेरडा मोजा तिच्या हातात तयारच होता. तो तिनं माझ्या हातात देल्ला, अन् मंग माठातलं पाणी गिलासात भरून माझ्या समोर धरलं अन् म्हणाली, "बाबा, आज कसं आहे?"